न ऐकणारा साथीदार

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं परवां एक लहानसा वाद झाला. त्यांचे चिरंजीव महाविद्यालयांत शिकतात. बर्लिन येथील राम्स्टाइन या वाद्यवृंदाचा 'मुटर' म्हणजे 'माता' या नांवाचा आल्बम त्यांनीं इतक्या वेळां ऐकला आहे कीं, त्यांतील ठोका न् ठोका त्यांस पाठ आहे. "काका, याच्या पुढें काय ऐकूं?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्ही उत्तर देण्यापूर्वींच वडील म्हणाले, "काय ऐकावें तें मागाहून सांगा, हें ऐकावेंच कशाला, तें आधीं सांगा. कारखान्यांतला खडखडाट घरांत आणावयाचा आणि त्याला संगीत म्हणावयाचें, ही कोठली रसिकता?"

मुलाचा प्रश्न निवडीचा होता, वडिलांचा तत्त्वाचा. त्या वेळीं दोघांचीहि कशीबशी समजूत घालून आम्ही उठलों. परंतु मागाहून विचार करितां असें दिसलें कीं, हे प्रश्न दोन नाहींत. 'इंडस्ट्रियल मेटल' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या संगीतांत उत्तम कोणतें व सामान्य कोणतें हें सांगावयाचें, तर त्याचा प्राण कशांत आहे हें प्रथम ठरविलें पाहिजे. आणि तें एकदां ठरलें म्हणजे वडिलांच्या शंकेचें उत्तर त्यांतच येऊन जातें. म्हणून त्या तरुणास द्यावयाची यादी आम्ही येथें कारणांसह देत आहों. ज्यांस या संगीताची गोडी आहे त्यांस यादीचा उपयोग होईल; ज्यांस ती नाहीं त्यांनीं निदान कारणें वाचावीं, एवढीच विनंति.

प्रथम या संगीताचें कुलवृत्त थोडक्यांत सांगितलें पाहिजे. तें दोन प्रवाहांच्या संगमांतून निघालें आहे. पैकीं एकाचें नांव 'मेटल', म्हणजे धातु. त्याचा उगम इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरीं झाला. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा तेथें पत्र्याच्या एका कारखान्यांत कामास होता. नोकरीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं त्याचा उजवा हात यंत्रांत सांपडून मधल्या बोटाचें व अनामिकेचें टोक तुटलें. तो डावखुरा असल्यामुळें गिटारच्या तारा दाबण्याचें काम नेमकें त्याच हाताकडे होतें. त्यानें प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं, हलक्या तारा लावल्या, आणि पुढें तारांचा ताण कमी व्हावा म्हणून वाद्य खालच्या स्वरांत उतरविलें. १९७० सालीं त्याच्या ब्लॅक सॅबथ या वृंदाचा पहिला आल्बम प्रसिद्ध झाला, आणि त्यापुढें मेटल संगीतांत जो जाड, संथ, खर्जांतला नाद ऐकूं येऊं लागला, त्यांत यंत्रानें खाल्लेल्या त्या दोन बोटांचा वांटा आहे. कारखाना व हें संगीत यांचा संबंध कोणा कवीनें कल्पिलेला नाहीं. तो हाडामांसाचा आहे.

दुसरा प्रवाह गोंगाटाचा. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकारानें १९१३ सालीं 'गोंगाटाची कला' या नांवाचा एक जाहीरनामा लिहिला. यंत्रयुगांतल्या माणसाचा कान बदलला असून वाद्यवृंदाच्या ठराविक नादांनीं त्याचें आतां समाधान होणार नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. तेवढ्यावर न थांबतां त्यानें घरघर, फुत्कार, गडगडाट असे आवाज काढणाऱ्या कर्णा लावलेल्या पेट्या तयार केल्या आणि १९१४ सालीं मिलान येथें त्यांचा जलसाहि केला. या विचाराला खरें फळ मात्र बऱ्याच वर्षांनीं आलें. १९७६ सालीं लंडन येथील थ्रॉबिंग ग्रिसल या मंडळींनीं आपल्या ध्वनिमुद्रिका काढण्यासाठीं 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' या नांवाची संस्था स्थापिली, आणि या धर्तीच्या संगीतास तेंच नांव चिकटलें. १९८० सालीं बर्लिनमध्यें 'आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन', म्हणजे 'कोसळत्या नव्या इमारती', या नांवाचा वृंद निघाला. पत्रे, लोखंडी सळया आणि भोंकें पाडण्याचें विजेचें यंत्र हीं त्याचीं वाद्यें. परंतु लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, याच मंडळींचा १९८५ सालचा 'हाल्बर मेन्श' म्हणजे 'अर्धा माणूस' हा जो उत्तम आल्बम, त्याचें नांवाचें गीत कोणत्याहि वाद्याशिवाय, केवळ मनुष्यकंठांच्या समूहानें गाइलेलें आहे. लोखंड बडविण्यांत ज्यांची हयात गेली त्यांस माणसाच्या गळ्याची किंमत कळलेली होती.

हे दोन प्रवाह १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत एकत्र आले. ते ज्या साधनानें जोडले गेले त्याचा नीट विचार केल्यास या संगीताचें मर्म हातीं लागतें. तें साधन म्हणजे ड्रम मशीन, ठेका देणारें यंत्र.

आपल्याकडील मैफलींत गवई व तबलजी यांचें नातें काय असतें, हें वाचकांस सांगावयास नको. तबलजी केवळ मात्रा मोजीत नाहीं. तो ऐकत असतो. गवयानें लय किंचित् ओढली तर तो ओळखतो, गवई रंगला तर ठेका भरतो, गवयाचा दम तुटूं लागला तर त्यास सांवरून घेतो. समेवर दोघांची जी दृष्टादृष्ट होते तींतच मैफलीचें निम्मे सुख असतें. यंत्राचा ठेका याच्या अगदीं उलट. तो थकत नाहीं, चुकत नाहीं, आणि ऐकतहि नाहीं. गाणारा रडो, ओरडो कीं मूर्च्छित पडो, त्याचा पुढचा ठोका ठरल्या क्षणीं पडणारच. असा साथीदार जवळ घेऊन माणूस गाऊं लागला म्हणजे त्या गाण्यांत आपोआप एक नाट्य उत्पन्न होतें. गाणाऱ्यानें यंत्रापुढें नमावें, कीं त्याच्याशीं भांडावें, कीं स्वतःच यंत्र व्हावें? ज्या ध्वनिमुद्रिकेंत हा प्रश्न जिवंत आहे ती उत्तम. ज्या ध्वनिमुद्रिकेंत यंत्र केवळ अंगावर घालावयाचा दागिना आहे ती कितीहि कर्कश असली तरी सामान्य. आमची कसोटी एवढीच आहे, आणि पुढील निवड तिच्यावर घांसून केलेली आहे.

आतां 'मुटर'पासूनच आरंभ करूं. २००१ सालचा हा आल्बम आमच्या तरुण मित्रास कां आवडला असावा? राम्स्टाइनचा ठेका जिवंत वादकाचा आहे. परंतु सहाहि जण पलटणीच्या शिस्तीनें वाजवितात, आणि त्या शिस्तीवर टिल लिंडेमान याचा खोल, धीमा, शब्द चावून म्हणणारा आवाज उभा असतो. ज्या गीतावरून आल्बमला नांव मिळालें तें कोणाच्याहि कुशींतून न जन्मलेल्या एका जीवाचा मातेसाठीं चाललेला विलाप आहे. पलटणीची चाल आणि अनाथाचें रडें यांचा हा संयोग ऐकणाऱ्यास पकडून ठेवतो. या चालीविषयीं एक वादहि झाला होता. १९९८ सालीं लेनी रीफेनश्टाल हिच्या १९३८ सालच्या 'ऑलिंपिया' या बोलपटांतील दृश्यें आपल्या एका गीताच्या चित्रफितींत वापरल्यामुळें या मंडळींवर नाझी वृत्तीचा आरोप आला. त्यांनीं 'मुटर'मधील 'लिंक्स २ ३ ४' या गीतांत आपलें हृदय डावीकडे असल्याचें सांगून त्याचें उत्तर दिलें, आणि तेंहि कवायतीच्याच ठेक्यावर दिलें. उत्तर चतुर आहे, पण प्रश्न त्यानें पुरता मिटत नाहीं. कारण शिस्तबद्ध पावलांचा मोह हा शब्दांच्या अर्थापेक्षां अधिक खोल शिरतो. ऐकणाऱ्यानें ही सावधगिरी बाळगून ऐकावें.

येथून जवळची पायरी म्हणजे लॉस एंजल्सच्या फिअर फॅक्टरी या वृंदाचा १९९५ सालचा 'डीमॅन्युफॅक्चर'. माणूस आणि यंत्रसत्ता यांचा झगडा हा त्याचा उघड विषय आहे, आणि १९८४ सालच्या 'द टर्मिनेटर' या बोलपटाची छाया त्यावर पडलेली आहे. विषय नवा नाहीं. नवी आहे ती त्याची रचना. रेमंड हेरेरा हा ड्रमवादक पायांनीं जे ठोके मारतो ते डिनो काझारेस याच्या गिटारच्या आघातांशीं इतके तंतोतंत जुळलेले आहेत कीं, नवख्यास हें यंत्रच वाजतें आहे असें वाटावें. येथें यंत्र माणसाची साथ करीत नाहीं. माणूसच स्वतःला यंत्र बनवितो. आणि मग बर्टन बेल याच्या एकाच गळ्यांत दोन आवाज ऐकूं येतात: एक गुरगुरणारा, दुसरा स्वच्छ, लांबट व काहींसा प्रार्थनेसारखा. पहिला हुकूम सोडतो, दुसरा त्या हुकुमाखालून वर येऊं पाहतो. पुढें शेंकडों वृंदांनीं ही युक्ति उचलली व ती झिजून गेली. परंतु येथें ती युक्ति नव्हे, तोच कथेचा गाभा आहे. दोष सांगावयाचा तर एवढाच कीं, सर्व गीतें एकाच सांच्यांतून निघाल्यासारखीं वाटतात व मध्यंतरीं कान बधिर होतो. यावर उपाय म्हणून तीन-चार गीतांपेक्षां अधिक एका बैठकींत ऐकूं नयेत. मात्र शेवटचें, 'अ थेरपी फॉर पेन' हें संथ गीत चुकवूं नये.

दुसरी शिफारस मिनिस्ट्रीच्या 'साम ६९' या १९९२ सालच्या आल्बमची. या वृंदाचा प्रमुख अल जुर्गेन्सन. क्यूबांत जन्मलेल्या व शिकागोंत नांवारूपास आलेल्या या गृहस्थाचा १९८३ सालचा पहिला आल्बम गुळगुळीत नाचगाण्यांचा होता. तो ऐकून 'साम ६९' ऐकणाऱ्याचा विश्वास बसूं नये इतका हा पालट मोठा आहे. येथें न ऐकणारा साथीदार कोण, तर सॅम्प्लर, म्हणजे कोणताहि आवाज पकडून पाहिजे तितक्या वेळां जसाचा तसा ओकून दाखविणारें यंत्र. पहिल्याच गीतांत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांचें आखाती युद्धाच्या काळांतील 'नवी जागतिक व्यवस्था' हें वचन त्यांच्याच आवाजांत पुनःपुन्हां आपटलें आहे. एकदां ऐकतांना जें राजकारणाचें भाषण वाटतें तें दहाव्यांदा ऐकतांना कारखान्याच्या दट्ट्यासारखें वाटूं लागतें. टीकेचा एक शब्दहि न उच्चारतां केलेली ही टीका आहे. सत्तेचा आवाज हाहि न ऐकणारा आवाज असतो, हें यांतून जितकें स्पष्ट होतें तितकें एखाद्या अग्रलेखांतूनहि होणार नाहीं. याच आल्बमांत 'जीझस बिल्ट माय हॉटरॉड' सारखें निव्वळ थिल्लर गीतहि आहे, आणि उत्तरार्ध पूर्वार्धाच्या मानानें ढिला आहे. पण 'स्केअरक्रो' या दीर्घ व संथ गीतामुळें त्याची बरीच भरपाई होते.

तिसरी ध्वनिमुद्रिका नाइन इंच नेल्स या नांवानें काम करणाऱ्या ट्रेंट रेझनर याची, 'द डाउनवर्ड स्पायरल', सन १९९४. हा गृहस्थ क्लीव्हलंड येथील एका ध्वनिमुद्रणगृहांत झाडलोटीपासून पडेल तें काम करीत असे आणि तें मोकळें असेल त्या वेळांत आपलीं गीतें मुद्रित करी. या आल्बमांत यंत्र बाहेर नाहीं. तें माणसाच्या डोक्यांत शिरलेलें आहे. एका माणसाचा श्रद्धा, शरीर व मन अशा एकेका पायरीनें होणारा अधःपात हा त्याचा विषय. आरंभ मारहाणीच्या आवाजानें होतो आणि शेवट 'हर्ट' या गीतानें. तेथें पोंचेपर्यंत यंत्रानें सर्व कांहीं ओरबाडून नेलेलें असतें. उरतो तो एक क्षीण, जवळजवळ बोलल्यासारखा स्वर. मध्यें 'अ वॉर्म प्लेस' नांवाचें एक शब्दहीन विश्रांतिस्थान आहे. तापलेल्या कपाळावर कोणी हात ठेवावा तसें तें वाटतें.

या आल्बमच्या बाबतींत एक अप्रिय गोष्ट नमूद करणें आम्हांस भाग आहे. त्याचें बरेंचसें मुद्रण ज्या घरांत झालें त्याच घरांत १९६९ सालीं शॅरन टेट ही नटी व तिच्यासमवेत असलेले इतर जण यांची निर्घृण हत्या झाली होती. पुढें त्या नटीच्या बहिणीनें, माझ्या बहिणीच्या मरणाचा तुम्ही व्यापार करीत आहां काय, असें रेझनर यास तोंडावर विचारलें, तेव्हां आपल्या वर्तनाचा खरा अर्थ आपणांस प्रथम कळला, असें त्यानेंच १९९७ सालीं एका मुलाखतींत सांगितलें. भयानकाशीं खेळणाऱ्या कलावंतांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा. कलेंतलें भय आणि कोणाच्या तरी घरचें खरें दुःख यांमधील भिंत फार पातळ असते, आणि ती ओलांडल्यानें कलेंत तिळमात्रहि भर पडत नाहीं.

या गीताची एक उत्तरकथा आहे, आणि आमच्या स्नेह्यांसाठीं ती विशेष महत्त्वाची. २००२ सालीं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीं, सत्तरीस पोंचलेल्या जॉनी कॅश या ग्रामीण ढंगाच्या वृद्ध अमेरिकन गायकानें 'हर्ट' गाइलें. यंत्रें नाहींत, गोंगाट नाहीं; गिटार, पियानो आणि थकलेला कांपरा गळा. गीत जसेंच्या तसें उभें राहिलें. इतकें कीं, तें जणूं आपलें उरलेंच नाहीं असें मूळ कर्त्यास वाटलें. आमच्या कसोटीचा याहून चांगला पुरावा कोणता? यंत्र काढून घेतल्यावर जें नाहींसें होतें तें कारागिरीचें काम, आणि जें उरतें तें संगीत. ज्या वडील मंडळींना या प्रांतांत पाऊल टाकण्याची भीति वाटते, त्यांनीं या कॅशच्या गायनापासून आरंभ करून मग मागें मूळ गीताकडे जावें.

आतां शेवटची व आमच्या मतें सर्वांत मोठी शिफारस. पुन्हां बर्मिंगहॅमला जावें लागतें. जेथें आयोमीचीं बोटें गेलीं त्याच शहरांत १९६९ सालीं जन्मलेला जस्टिन ब्रॉड्रिक हा मुलगा ऐन विशींत गॉडफ्लेश नांवाचा वृंद घेऊन पुढें आला. वृंद कसला, दोन माणसें व एक यंत्र: ब्रॉड्रिकची गिटार व गळा, जी. सी. ग्रीनची खर्जाची गिटार, आणि ठेक्यास ड्रम मशीन. त्यांचा 'स्ट्रीटक्लीनर' हा आल्बम १९८९ सालीं निघाला. त्या वेळीं मेटल संगीतांत वेगाची शर्यत चालली होती. ब्रॉड्रिकनें स्वतः त्याआधीं नेपाम डेथ या अतिवेगवान वृंदाच्या 'स्कम' या आल्बमच्या पहिल्या बाजूस गिटार वाजविली होती. तोच आतां पावलें ओढीत, मणामणाचें ओझें वाहणाऱ्याच्या गतीनें वाजवूं लागला. यंत्राच्या ठेक्यांत निग्रो तरुणांच्या हिप्-हॉप संगीतांतील झोंक आहे, हें नीट ऐकल्यास कळतें. त्यामुळें तो ठेका निर्जीव असूनहि अंगांत शिरतो. ग्रीनचा खर्ज गिरणीच्या जमिनीसारखा सतत हादरत राहतो. गिटार सूर धरूं पाहते आणि किंचाळून सोडते. आणि या सर्वांखालीं कोठें तरी एक माणूस ओरडत असतो. त्याचे शब्द फारसे कळत नाहींत. कळावेत अशी योजनाहि नाहीं. ज्याचें कोणी ऐकत नाहीं त्याचें बोलणें असेंच ऐकूं येतें.

हें यंत्र हटवून तेथें माणूस बसविला तर काय होईल? सुदैवानें हा प्रयोग त्यांनींच करून ठेविला आहे. १९९६ सालच्या 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट' या आल्बमांत त्यांनीं जिवंत ड्रमवादक घेतला. ठेका अधिक लवचिक झाला, गीतें अधिक चालीचीं झालीं, वादन कोठेंहि कमी पडलें नाहीं. परंतु 'स्ट्रीटक्लीनर'मधील ती भीति गेली. साथीदार ऐकूं लागला आणि नाट्य संपलें. ज्यास आमचें विधान पारखून पाहावयाचें असेल त्यानें हे दोन आल्बम एकापाठोपाठ ऐकावे. पुढें २००२ सालीं वृंद मोडला व २०१० सालीं पुन्हां उभा राहिला, तो पुन्हां यंत्राचाच ठेका घेऊन. २०२३ सालच्या 'पर्ज'पर्यंतचें त्यांचें काम ऐकण्यासारखें आहे.

या चार आल्बमांना जोडून दोन विलक्षण प्रयोग सुचवितों. स्वित्झर्लंडमधील द यंग गॉड्स या मंडळींनीं १९८९ सालच्या 'लो रूज' या आल्बमांत सगळी मांडणीच उलटी केली. येथें ठेका माणसाचा, आणि गिटार व वाद्यवृंद मात्र सॅम्प्लरमधले. त्यावर फ्रान्झ ट्राइखलर फ्रेंच भाषेंत, नाटकांतल्या नटासारखा गातो. ऐकणारा साथीदार परत मिळाला, पण आजूबाजूचें सर्व जग यंत्रांतलें झालें, असा हा देखावा आहे. दुसरा प्रयोग ऑथर अँड पनिशर या नांवानें वाजविणाऱ्या ट्रिस्टन शोन या अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञाचा. यानें आपलीं वाद्यें स्वतःच लोखंडांतून घडविलीं आहेत. तीं हलविण्यास दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो. जोर कमी पडला तर आवाज बदलतो, हात थकला तर लय थकते. त्याचा २०१० सालचा 'ड्रोन मशीन्स' ऐकतांना आमच्या मनांत असें आलें कीं, पंचवीस वर्षांच्या झगड्यानंतर येथें कोणी तरी यंत्रास ऐकावयास शिकविलें आहे.

आतां वडिलांच्या शंकेकडे वळूं. त्यांचा आक्षेप दुहेरी आहे: हें कुरूप आहे, आणि तें मन बिघडवितें. कुरूपतेविषयीं आम्हांस फार लिहावयास नको. क्रोध, भय आणि जुगुप्सा हे स्थायी भाव आहेत, त्यांपासून रौद्र, भयानक व बीभत्स हे रस निष्पन्न होतात, हें भरतमुनींनीं सांगून ठेविलें आहे. बीभत्साचें चित्रण सुंदर असतें, बीभत्स वस्तु सुंदर असते असें नव्हे. १९४७ सालीं मर्ढेकरांचा 'कांहीं कविता' हा संग्रह निघाला तेव्हां यंत्रयुगांतील माणसाची घुसमट मराठी वाचकाच्या कानीं पडली. त्या वेळींहि, ही कविता आहे काय, असेंच विचारलें गेलें होतें. आज तो प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

मन बिघडण्याचा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे व तो थट्टेवारी नेणें योग्य नाहीं. १९९९ सालच्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील कोलंबाइन हायस्कूलमध्यें दोन विद्यार्थ्यांनीं गोळ्या झाडून अनेकांचे प्राण घेतले. त्यांपैकीं एकजण के. एम. एफ. डी. एम. या मूळच्या जर्मन वृंदाचा चाहता होता व त्यांचीं गीतें त्यानें आपल्या पानावर उतरून ठेविलीं होतीं, असें उघडकीस आल्यावर या संगीतावर चहूंकडून गहजब झाला. त्या वृंदाचे प्रमुख साशा कोनिएत्स्को यांनीं, आमचें संगीत युद्ध, जुलूम व हिंसा यांच्या विरुद्ध आहे, असें तत्काळ प्रसिद्ध केलें. आम्हांस वाटतें कीं, येथें दोन्ही पक्ष थोडे चुकतात. संगीतानें खुनी तयार होतात हें म्हणणें खोटें आहे, कारण तेंच ऐकणारे लक्षावधि लोक निमूटपणें आपापल्या कामास जातात. पण संगीताचा मनावर परिणामच होत नाहीं असें म्हणणें म्हणजे संगीताची किंमत शून्य ठरविणें होय. खरी गोष्ट तात्यासाहेब केळकरांच्या 'सविकल्प समाधी'च्या कल्पनेंत सांपडते. रसिक दुसऱ्याच्या अवस्थेशीं एकरूप होतो, परंतु स्वतःची जाणीव न सोडतां होतो. या दोन्ही गोष्टी एकदम घडतात म्हणून दुःखाचेंहि चित्र आनंद देतें. ज्याची स्वतःची जाणीव शाबूत आहे त्यास 'स्ट्रीटक्लीनर'पासून भय नाहीं. ज्याची ती ढांसळली आहे त्यास घरांतल्या माणसांची गरज असते. आणि त्याच्या हातांतली ध्वनिमुद्रिका काढून घेतल्यानें ती भागत नाहीं. मुलाच्या खोलींतून हा आवाज येऊं लागला म्हणजे दार आपटून लावण्यापेक्षां आंत जाऊन एकदां बसावें, हें आमचें मत आहे. न ऐकणारा साथीदार यंत्रच असतो असें नाहीं.

कोणत्या ध्वनिमुद्रिका घेऊं नयेत हेंहि दोन वाक्यांत सांगून टाकतों. १९९४ नंतर रेझनरच्या यशास भुलून ज्यांनीं आपल्या साध्या प्रेमगीतांवर यंत्राची खरखर शिंपडली, त्यांची गर्दी फार आहे. त्यांतील खरखर पुसून काढली तर खालीं कांहीं सांपडत नाहीं. तसेंच, आवाजाची प्रचंडता हेंच ज्यांचें भांडवल, त्यांच्याकडे नवख्यानें आकर्षिलें जाणें साहजिक असलें तरी लौकरच कंटाळा येतो, कारण ओरडण्यास कारण लागतें.

आमच्या तरुण मित्रास क्रम सांगावयाचा तो असा: 'मुटर' झालें आहेच, त्यानंतर 'डीमॅन्युफॅक्चर', मग 'साम ६९', मग 'द डाउनवर्ड स्पायरल' पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकींत, आणि महिनाभर थांबून 'स्ट्रीटक्लीनर'. तेथें पोंचल्यावर मागें वळून 'हाल्बर मेन्श' ऐकावा, म्हणजे हें सर्व कोठून निघालें तें कळेल; 'लो रूज' व 'ड्रोन मशीन्स' सवडीनें. आवाज बेताचा ठेवावा. या संगीतांतला भार आवाजाचें चक्र फिरविल्यानें वाढत नाहीं, आणि कान हें इंद्रिय एकदां गेलें म्हणजे परत येत नाहीं.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही स्नेह्यांच्या घरीं पुन्हां गेलों होतों. वडिलांना कॅशचें 'हर्ट' ऐकविलें. तें संपल्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग मुलाकडे वळून म्हणाले, "आतां तुझें तें मूळचें लाव पाहूं." मुलानें लावलें. तें त्यांना आवडलें असें आम्ही म्हणत नाहीं. शेवटच्या गोंगाटाला त्यांनीं कपाळास आंठ्या घातल्या. पण त्यांनीं तें शेवटपर्यंत ऐकलें.